मिस नोव्हेंबरवरचा कागद

६ फेब्रुवारी

चि. भोंगा,

आशीर्वाद आहेतच. तब्येत ठीक, गुडघे सोडून. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर मला तुझं निम्मंच ऐकू येतं आणि ते निम्मंही तू ओरडून सांगत असतेस. मी तुझं नाव भोंगा पाडलं ते काही उगाच नाही.

बातमी अशी की मी नाचाचा रविवार बंद करतोय.

परवा महिन्यातला पहिला रविवार झाला. सुतारांच्या संघटनेचा तोच हॉल, दुपारी तीनची वेळ. पाय सरकावेत म्हणून लाकडी फळ्यांवर पावडर शिंपडली, दोन्ही टर्नटेबलं लावली, दार उघडून बसलो. माणसं किती आली असतील? चौदा. त्यातले दोघे भिंतीशी खुर्च्यांवरच बसून होते, एकाच्या कमरेचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा त्याला सोबत म्हणून. पाकीट आला होता. तोच तो, पोस्टात होता, माझ्याशी तबकड्यांवरून जन्मभर भांडतोय. तो म्हणाला, "आपण मेलो की हेही मेलं, एवढं काय मनाला लावून घेतोस!" तू लहान असताना हॉलच्या जिन्यावर रांग लागायची आणि तू दाराशी स्टुलावर बसून प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारायचीस, आठवतं ना?

आमचा सगळा खटाटोप फसलेल्या गाण्यांचा, हे तुला सांगायला नको. काळजातून गायचं ते सोल संगीत गाणारी कितीतरी माणसं छोट्या कंपन्यांत एकच गाणं करून गेली. पाचशे प्रती निघायच्या, पन्नास कशाबशा खपायच्या, उरलेल्या वितळवून टाकायचे. त्या पन्नासांतली एक आपल्याला कुठल्यातरी खोक्यात सापडावी आणि ती लावल्यावर अख्खा हॉल उठावा, यासाठी माणसांनी सुट्ट्या घालवल्या, लग्नं मोडली. घड्याळं दुरुस्त करता करता मी एकवीसशे जमवल्या.

शेवटची तबकडी म्हणून नेहमीप्रमाणे मिस नोव्हेंबर लावली. चौदाच्या चौदा उठले, कमरेचं ऑपरेशनसुद्धा. तेवढी तीन मिनिटं मला वाटतं की आपण काही अगदीच वेडे नव्हतो.

तर जूनचा पहिला रविवार शेवटचा. तबकड्या तुला हव्यात का कळव. नको असतील तरी तसं लिही, मी रागावणार नाही. रागावेन, पण दाखवणार नाही.

मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार, आणि थांब. काहीही बंद करू नकोस. आधी हे वाच.

आमच्या कान तपासणी केंद्राच्या मागच्या गल्लीत एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शनिवारी मी चार वाजता काम संपवून, एका आजींना श्रवणयंत्र लावून देऊन बाहेर पडले, तर भिंतीपलीकडून बास गिटारचा ठेका ऐकू आला. मी जागच्या जागी उभी राहिले. मामा, मिस नोव्हेंबर! चारशे किलोमीटर लांब, सायकलच्या दुकानात!

आत गेले तर सायकली छताला टांगलेल्या आणि खाली सव्वीस जण नाचतायत. विशी-पंचविशीची मुलं. सिमेंटच्या फरशीवर पाय सरकावा म्हणून नुसत्या मोज्यांवर! तुझ्या हॉलमधल्यासारखंच, जो तो आपापला, डोळे मिटून. गिरक्या बघून मला रडूच आलं, खोटं नाही सांगत. त्यातल्या एका मुलीच्या आईने वीस वर्षांपूर्वी तुझ्या हॉलमध्ये खिशातल्या यंत्रावर कॅसेट भरून घेतली होती. त्या कॅसेटची नक्कल, नकलेची नक्कल. मध्ये कुणीतरी खोकतंसुद्धा. खोकल्यासकट त्यांना ते पाठ आहे!

मी म्हटलं, हे 'मिस नोव्हेंबर' नाव माझ्या मामाने ठेवलंय, ती तबकडी त्याच्या घरी आहे. मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे ही खरी कोण आहे ते तुमच्या मामांना माहीत आहे? ती जिवंत आहे?"

मामा, मी आयुष्यात कधी हा विचारच केला नव्हता. कोण आहे ती? नाव सांग. त्यांना पाहिजे, आणि आता मलाही पाहिजे.

तुझी भोंगा

२७ फेब्रुवारी

चि. भोंगा,

पत्र तीनदा वाचलं. सव्वीस! आणि मोज्यांवर! सिमेंटवर गुडघ्यांचं वाटोळं होईल म्हणावं, लाकडी फळ्या शोधा. मी काल दुकानात एका गिऱ्हाइकाला उगाचच ते पत्र वाचून दाखवलं. तो सेल बदलायला आला होता, बिचारा ऐकत उभा राहिला.

पण नाव सांगता येणार नाही.

तुला नियम माहीत नाही असं नाही. दुर्मीळ तबकडी सापडली की तिच्या लेबलावर कागद चिकटवायचा आणि वर खोटं नाव लिहायचं. लोक गाणं ऐकतात, नाव वाचायला टर्नटेबलावर वाकतात, तर तिथे भलतंच काही. मग खरं नाव माहीत असलेला जगात एकटा मी. ते गाणं ऐकायचं तर माझ्याच हॉलवर यायला पाहिजे. असं सगळेच करायचे, पाकिटाकडे आजही तीन झाकलेल्या आहेत. मिस नोव्हेंबर मला एकतीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका फर्निचरवाल्याकडच्या मोडक्या कपाटाच्या खणात सापडली. घरी आणून लावली आणि तुझ्या मामीला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. त्याच दिवशी कागद लावला.

झाकलेली तबकडी झाकलेलीच राहते. त्या मुलांना सांग, नावात काय ठेवलंय, गाणं ऐका.

मामा

४ मार्च

मामा,

नावात काय ठेवलंय? तुझ्या दुकानाच्या पाटीवर तुझं नाव फूटभर मोठं आहे.

एका बाईने ते गायलं. एकतीस वर्षं लोक तिच्या आवाजावर नाचले आणि तिचं नाव तू कागदाखाली दाबून ठेवलंस. पाकिटाला कळू नये म्हणून! ती आत्ता कुठेतरी भाजी चिरत असेल आणि तिला यातलं काहीही माहीत नसेल. उद्या गेली तर? हॉल रिकामा झाला म्हणून मला लिहितोस. दाराला आतून कडी लावायची आणि कुणी येत नाही म्हणून रडायचं, याला काय म्हणावं?

तबकड्या मला नकोत. नाव असलं तर लिही, नाहीतर लिहू नकोस.

९ एप्रिल

चि. भोंगा,

महिनाभर पेन उचललं नाही. रागावलो म्हणून नाही. लाज वाटली म्हणून.

मला नाव माहीत नाही.

म्हणजे होतं. कागद लावला त्या दिवशी माहीत होतं. लिहून ठेवलं नाही, कारण लिहिलेलं कुणीतरी वाचतं. डोक्यात आहे म्हटलं, डोकं कुठे जातंय! आणि मग 'मिस नोव्हेंबर, मिस नोव्हेंबर' म्हणत एकतीस वर्षं गेली. कधीतरी सात-आठ वर्षांपूर्वी मामी दवाखान्यात होती, तिने सहज विचारलं, "अहो, तिचं खरं नाव काय हो?" आणि मी तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. मी तिलाही सांगितलं, झाकलेली सांगत नाहीत. शेवटपर्यंत तिला वाटलं की मी नियम पाळतोय.

तू म्हणशील, मग कागद काढून बघायचा. बाकीचे लोक खळ लावतात, ओला बोळा फिरवला की निघते. मी खळ लावली नव्हती. पाकिटाने एकदा माझ्या एका तबकडीवरच्या कागदाचा कोपरा नखाने उचलला होता, म्हणून हिला मी घड्याळाची काच बसवायचा गोंद लावला. तुझं पत्र आल्यावर दुकान लवकर बंद करून चार दुपारी बसलो. भिंग डोळ्याला, चिमटा हातात, कापूस भिजवून भिजवून. कागद निघाला ग. पण लेबल घेऊन निघाला. भुगा झाला सगळा. कडेला फिरण्याच्या वेगाचा '४५' एवढाच आकडा उरलाय.

पन्नास वर्षं लोकांची घड्याळं उघडतोय, एक स्प्रिंग कधी हरवली नाही. आणि एका माणसाचं नाव मी हरवून बसलो.

एवढंच हातात आहे. गाणं संपल्यावर सुई जिथे फिरत राहते त्या गुळगुळीत पट्टीवर काहीतरी हाताने कोरलंय. भिंगाने वाचलं. ४१७ असा आकडा आणि शेजारी तांदळाएवढा एक मासा. तबकडीची कड कशी कापलीय त्यावरून मी सांगतो, ती तुझ्याच शहरातल्या कारखान्यात निघालीय, नदीपलीकडच्या. तो बंद पडून जमाना झाला. पण तू शोधशील तर शोध. मला तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही.

मामा

२८ एप्रिल

ती. मामा,

आधी हे ऐक. माझ्या त्या पत्राबद्दल मला वाईट वाटतंय. तू लपवतोयस असं मला वाटलं, आणि तू लपवत होतास, पण ते भलतंच निघालं.

आता बस. पाणी जवळ घे.

कारखान्याचं आता टायरचं गोदाम झालंय. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, मागच्या चाळीत तबकड्या कापणारे आजोबा अजून आहेत. मूळ तबकडी तेच कापायचे, त्यावरून मग साचा निघायचा. वय अठ्ठ्याऐंशी, आणि कानाने ठार. मी दारात उभी राहून किंचाळतेय, "मासा! मासा!" आणि ते म्हणतायत, आज नको. शेवटी त्यांना रिक्षात घालून केंद्रात आणलं, यंत्र लावलं, आणि मासा कागदावर काढून दाखवला. मामा, त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि एका झटक्यात तोच मासा काढला! "माझी सही आहे ती. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जायचो."

त्यांनी सगळ्या कामाच्या वह्या पलंगाखाली ठेवल्यात. चारशे सतरा. गाण्याचं नाव, तारीख, गायिकेचं नाव. त्रेपन्न वर्षांपूर्वीची शाई.

आडनाव फारसं नेहमीचं नाही. तिसऱ्याच फोनला एक खणखणीत आवाज आला, "कोण पाहिजे?" मामा, मी आवाज ओळखला. बहात्तर वर्षांच्या बाईचा आवाज, आणि मी तो लहानपणापासून ओळखते!

त्यांनी अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवली. तिसरा मजला, खिडकीत कपड्यांची दोरी, घर अगदी लख्ख. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग हसल्या, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ती तबकडी वितळवली." त्यांना तसंच सांगितलं होतं. एकोणीस वर्षांच्या होत्या, बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या. स्टुडिओ दोन तासांसाठी मिळाला होता. तिसऱ्या कडव्यात त्या ओळ विसरल्या. वाजवणारे वाजवत राहिले, चार मात्रांनंतर त्यांना पुढची ओळ आठवली आणि त्या पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्यांदा घ्यायला वेळ नव्हता. "मालक सगळ्यांसमोर म्हणाला, एका ओळीपायी पाच माणसांचं काम मातीत घातलंस. त्यानंतर मी गायले नाही. ट्राममध्येसुद्धा कधी गुणगुणले नाही."

मी उत्साहात म्हटलं, "अहो, पण ती रिकामी जागा सगळ्यांना पाठ आहे! तिथे अख्खा हॉल टाळी वाजवतो!"

त्यांचा चेहरा उतरला. "चुकीवर टाळ्या वाजवतात?"

मी समजवायला गेले, तेवढी गोष्ट जास्तच चिघळली. त्या उठल्या, शेगडी बंद केली. "त्रेपन्न वर्षं झाली, आता लोकांना हसायला मी कुठे येऊ! तुम्ही निघा." दारातून मी कसंबसं म्हटलं, निदान नाव तरी तुमच्या हाताने लिहून द्या, लेबल फाटलंय. त्यांनी पेन मागितलं. मग लिहिलं. ते मी या पत्रात लिहीत नाही, त्यांची चिठ्ठी सोबत ठेवलीय. ते तू त्यांच्याच अक्षरात वाच.

आता मी काय करू? सगळं मिळवलं आणि माझ्या भोंग्याने घालवलं.

भोंगा

६ मे

चि. भोंगा,

चिठ्ठी टेबलावर ठेवून समोर बसलोय. वाचलं त्याच क्षणी आठवलं! असं डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं. हेच, हेच नाव होतं. मी मोठ्याने वाचलं, मग मामीच्या फोटोसमोर जाऊन पुन्हा वाचलं.

आणि ती चूक होती? अगं, ती चूक होती?

एकतीस वर्षांत आमच्यातल्या एकाच्याही मनात हे आलं नाही. काल रविवारी मी पाकिटाला सांगितलं, तो खुर्चीवर बसलाच. खालचं पत्र बाईंना वाचून दाखव. दारातून दाखव, दाराच्या फटीतून दाखव, पण एक शब्दही आपल्या पदरचा घालू नकोस.

बाई, नमस्कार.

मी घड्याळजी. तुमचं नाव एकतीस वर्षं झाकून ठेवणारा माणूस मीच. त्याची माफी मागायला मला तोंड नाही, ते नंतर बघू.

तुम्ही जिथे थांबता तिथे आमच्या हॉलमध्ये काय होतं ते सांगतो. सगळे नाचत असतात. तुमचा आवाज थांबतो आणि सगळे जागच्या जागी थांबतात, हात वर. एक, दोन, तीन, नुसता ढोल. चौथ्याला सगळ्यांची मिळून एक टाळी पडते आणि त्या टाळीवर तुम्ही परत येता. कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा लावली त्या दुपारी एकाने वाजवली, पुढच्या महिन्यात सगळ्यांनी. आमच्यातल्या एकाने मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आनंदाने ती टाळी रस्त्यात वाजवली. माझी बायको गेल्यावर मी दोन महिने हॉलवर गेलो नाही. तिसऱ्या महिन्यात गेलो, ती टाळी वाजवली, आणि मग रडलो.

चूक आहे हे आम्हाला आत्ता कळलं. आम्हाला वाटायचं, या बाईने ही जागा आपल्यासाठी सोडलीय. एवढी गाणी ऐकली, पण ऐकणाऱ्याला आत बोलावणारी हीच एक.

जूनच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला या. कुणी हसलं तर मी हॉलचं दार स्वतः बंद करीन.

तेवढंच. आता तू जा, भोंगा. आणि हळू बोल.

मामा

३० मे

ती. मामा,

कुरिअरने पाठवतेय, शनिवारपर्यंत पोहोचायलाच हवं.

त्या येतायत!

पत्र मी दारातच वाचलं. त्या उंबरठ्याच्या आत, मी बाहेर. वाचून झाल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, घडी घातली, म्हणाल्या, "बघू." तीन आठवडे काही नाही. मी आशा सोडली होती. काल त्या आपणहून केंद्रात आल्या आणि विचारलं, "बूट कसले घालतात तिथे?"

अटी ऐक. त्यांना मागे बसवायचं. कोण आहेत हे कुणालाही सांगायचं नाही. आधी त्या बघणार. त्यांनी मान हलवली तरच नाव घ्यायचं, नाहीतर नाही. पाकिटाला आवर.

आणि आता माझं नशीब बघ. मला कांजिण्या झाल्यात! छत्तिसाव्या वर्षी! सगळं अंग पुरळाने भरलंय, डॉक्टर म्हणतात दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी रडून रडून उशी भिजवली. सायकलवाली मुलं मिनीबस करून येतायत, त्यांच्याच बसमध्ये बाई बसतील. मुलांना सांगितलंय, या माझ्या ओळखीच्या, गाण्याची आवड आहे.

मला सगळं लिही. काही म्हणजे काही गाळू नकोस.

भोंगा

४ जून

चि. भोंगा,

खाजवू नकोस, डाग राहतात.

आधी कामाचं. जुलैचा रविवार मी हॉलवाल्यांना सांगून ठेवलाय. लगेच नाचू नकोस. परवा एकाहत्तर माणसं होती, त्यातली निम्मी घड्याळजी कागद काढणार म्हणून बघायला आली होती. ती वावडी पाकिटाने उठवली, त्याच्या पोटात काही राहतं का? जुलैत पंचवीस आली तरी पुष्कळ. पण पंचवीस म्हणजे चौदा नव्हेत.

आता ऐक.

तीन वाजता मिनीबस आली. मुलं उतरली ती थेट फळ्यांवर जाऊन हात फिरवायला लागली. लाकूड, लाकूड म्हणून ओरडतायत! शेवटी त्या उतरल्या. करड्या रंगाचा कोट, केस घट्ट बांधलेले, पाठ सरळ. मी दारात होतो. एकतीस वर्षं जो आवाज ऐकला तो समोरून म्हणाला, "जिना फार उभा आहे हो तुमचा." मी नुसता खुर्चीकडे हात केला.

त्या मागे बसल्या. मी तासभर दुसरी गाणी लावली. कमरेचं ऑपरेशन आणि सायकलवाली मुलगी शेजारी शेजारी नाचत होते, ती त्याच्या पायांकडे बघून शिकत होती आणि तो मुद्दाम अवघड पावलं टाकत होता, गाढव. मग मी ती तबकडी काढली. लेबलाच्या जागी पांढरा गोल कागद, त्यावर त्यांचीच चिठ्ठी कापून लावलेली. खळीने. सुई टेकवली.

एकाहत्तर माणसं एका दमात उठली. मी टर्नटेबलाकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघत होतो. पहिल्या कडव्यात त्या काही हलल्या नाहीत. दुसऱ्यात पर्स छातीशी धरली. तिसरं सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटून घेतले, कुणी मारणार असल्यासारखे.

आवाज थांबला. सगळे थांबले, हात वर. एवढी माणसं आणि नुसता ढोल. मला इतकी शांतता कधी जाणवली नव्हती. त्यांनी डोळे उघडले. म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे, पोरांचे, सगळ्यांचे हात वर, आणि एकही माणूस हसत नव्हता. मग टाळी पडली. खिडक्यांच्या काचा वाजल्या. आणि एकोणीस वर्षांची ती मुलगी त्या टाळीवर परत आत आली.

त्या उभ्या राहिल्या होत्या. कधी उठल्या मला दिसलंच नाही. तोंडावर हात होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाणं संपलं आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी माईक घेतला. भाषण ठरवलं होतं, सगळं विसरलो. फक्त त्यांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, सावकाश, आणि म्हटलं, "हे मी तुमच्यापासून लपवलं. ह्या इथे आहेत." आधी कुणाला कळलंच नाही. मग सायकलवाली मुलगी वळली, तिने बसमध्ये सात तास ज्यांच्या शेजारी बसून लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या होत्या त्यांच्याकडे बघितलं, आणि मटकन खालीच बसली. पाकीट सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. पुढे त्याने काय केलं माहीत आहे? स्वतःच्या खोक्यातून तिन्ही झाकलेल्या तबकड्या काढल्या आणि ओल्या रुमालाने कागद पुसून नावं मोठ्याने वाचली. तीन माणसं, कुणी ऐकलेलीही नाहीत. मुलांनी लगेच लिहून घेतलं. आता ती शोधतील. आम्हाला हे आधी का सुचलं नाही, मला तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मग त्या म्हणाल्या, "पुन्हा लावा."

पुन्हा लावली. या वेळी त्या पावडरवर उतरल्या. नाचता येत नाही म्हणाल्या आणि नाचल्या. जागा आली, त्यांनी हात वर केले, चौथ्याला सगळ्यांबरोबर टाळी वाजवली.

नंतर चहाच्या वेळी पाकिटाने विचारलंच, त्याला कुठे धीर धरवतो! "बाई, ती विसरलेली ओळ पुन्हा कधी आठवली का हो?"

"आठवली की. त्याच दिवशी, स्टुडिओचा जिना उतरताना."

सगळे पुढे वाकले. सायकलवाली मुलगी म्हणाली, "सांगा ना."

त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला.

"नको," म्हणाल्या. "आता तिथे जागा नाही."

आणि कप खाली ठेवून पुन्हा फळ्यांकडे गेल्या.

तुझा मामा